पीपीटी टाका ना भाऊ: स्लाइड्स ते डिस्कोर्स, मधली हमाली स्क्रिप्टकडे

रविवारी टॉक झाला की सोमवारी सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला, पीपीटी टाका ना भाऊ. मग कोणीतरी भली मोठी फाइल टाकतो, अर्ध्यांच्या फोनवर ती उघडतच नाही, ज्यांच्याकडे उघडते त्यांच्याकडे फॉन्टची वाट लागलेली असते, आणि दोन दिवसांत ती वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. सहा महिन्यांनी नवीन आलेलं कोणी विचारतं की अंबाझरीच्या बदकांवर काही आहे का आपल्याकडे, की पुन्हा सुरू, अरे ते सरांनी केलं होतं ना, फाइल कोणाजवळ आहे, माझा फोन बदलला, वगैरे वगैरे.

आमचा ग्रुप म्हणजे नागपुरातले पक्षी पाहणारे लोक. बँकेतले, शाळेतले, काही रिटायर्ड सर, कॉलेजचे पोट्टे, आणि माझ्यासारखे आयटीवाले ज्यांना सोमवार ते शुक्रवार पक्षी फक्त लॅपटॉपच्या वॉलपेपरवर दिसतात. हिवाळ्यात सकाळी गोरेवाडा नाहीतर अंबाझरी, मग कुठेतरी तर्री पोहे, आणि मधून मधून कोणाच्या तरी ओळखीच्या हॉलमध्ये टॉक. टॉक गूगल स्लाइड्सवर बनतात. आणि चर्चा आम्ही व्हॉट्सॲपवरून उचलून डिस्कोर्सवर नेली, म्हणजे निदान कामाची चर्चा, गुड मॉर्निंग अजून तिकडेच आहे. डिस्कोर्स हे २०१३ साली जेफ ॲटवुड, रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन यांनी आणलेलं चर्चेच्या फोरमचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, स्वतःच्या छोट्या सर्व्हरवर टाकता येतं, फक्त मेल जायची सोय नीट लावणं हा त्यातला खरा ताप आहे, बाकी इन्स्टॉल सोपं.

तर स्लाइड्समधलं डिस्कोर्सवर आपोआप कसं जातं आणि तिकडचं परत स्लाइड्समध्ये कसं येतं हे लिहून ठेवतोय. कोड इथे देत नाही, कोड कोणीही लिहील, आजकाल तर एआय पण लिहून देते. काय पाठवायचं आणि कुठे अडकतं, ते सांगतो.

सगळे सुरुवात टूलपासून करतात, झॅपियर घ्यायचं की मेक की एन-एट-एन, म्हणजे एका ॲपमधलं दुसऱ्या ॲपमध्ये आपोआप नेणारी टूल्स. मी म्हणतो आधी हे ठरवा की पाठवायचं काय. आमच्याकडे पहिलं उत्तर अर्थातच आलं की स्लाइडचे फोटो पाठवू, डेक, म्हणजे टॉकच्या स्लाइड्सचा संच, आहे ना, त्याचे फोटो काढ आणि टाक, झालं. आता टॉकला न आलेल्या माणसासाठी नुसत्या स्लाइड्स म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम, फोटो छान आहेत पण कोण कोणाचं कोण काही कळत नाही. उदाहरण सांगतो. एका स्लाइडवर तलवार बदकाचे दोन फोटो, खाली लिहिलंय नर आणि मादी. बस्स. बोलताना सर काय सांगतात, की नराची शेपटी लांब टोकदार, डोकं चॉकलेटी, मानेवरून पांढरी पट्टी वर चढते, त्याच्यात कोणी चुकत नाही, गडबड मादीत होते कारण ती तपकिरी, आणि तपकिरी माद्या सगळ्याच बदकांच्या असतात, म्हणून रंग सोडा, लांब सडपातळ मान बघा आणि राखाडी चोच बघा. हे सगळं ज्ञान स्लाइडवर नाहीच आहे, ते सरांच्या तोंडात आहे. आणि थोडंफार स्लाइडच्या खाली आहे, स्पीकर नोट्समध्ये, म्हणजे बोलणारा स्वतःसाठी जे लिहून ठेवतो त्यात.

म्हणून माझं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं, पोस्ट नोट्सची झाली पाहिजे, स्लाइडचं चित्र सोबत. नोट्स टेक्स्ट आहेत, म्हणजे सर्चमध्ये सापडतात, फोनवर झूम न करता वाचता येतात, ज्यांना दिसत नाही त्यांचा स्क्रीन रीडर वाचून दाखवतो, कोणाला एक वाक्य कोट करून उत्तर द्यायचं तर देता येतं. चित्रातलं मराठी यातलं काहीच करू देत नाही.

यावर आमच्या ग्रुपमध्ये बरीच वादावादी झाली आणि ती कामाची होती. एक मॅडम म्हणाल्या, माझ्या नोट्समध्ये मी काहीही लिहिते, इथे पाणी प्यायचं, हा फोटो अमक्याचा आहे त्याने फक्त टॉकपुरता दिलाय, हे सगळं जाणार का बाहेर? आणि दुसरं त्याहून गंभीर. नोट्समध्ये जागा असतात. घुबडाची जोडी कोणत्या झाडावर बसते, गोंदियाकडे सारसाचं घरटं कोणत्या तळ्याच्या कोणत्या बाजूला आहे. हॉलमधल्या ओळखीच्या लोकांना हे सांगणं वेगळं आणि नेटवर कायमचं टाकणं वेगळं, दुसऱ्याच रविवारी तिथे कॅमेरे घेऊन गर्दी होते आणि पक्षी घरटं सोडतो. ईबर्डसारखी पक्ष्यांच्या नोंदींची मोठी सिस्टीमसुद्धा ज्या जातींना असा धोका आहे त्यांची नेमकी जागा लोकांना दाखवत नाही, ते काही उगाच नाही.

यावर तोडगा निघाला तो कॉलेजच्या एका पोरीच्या डोक्यातून, आणि तो इतका सोपा आहे की मला जरा राग आला. नोट्समध्ये एक रेघ मारायची, तीन बरोबरच्या खुणा (===) एका ओळीवर. रेघेच्या वरचं जगासाठी, खालचं बोलणाऱ्यासाठी. स्क्रिप्ट फक्त वरचं उचलते. मग प्रश्न आला की रेघच नसेल तर? मी म्हणालो की तर ती स्लाइड जाणारच नाही, आणि टॉकची यादी ज्या गूगल शीटवर आहे तिच्यावर तसं लिहून येईल. काही जणांना हे जाचक वाटलं, काऊन एवढं, विसरलं तर सगळं जाऊ दे ना बाप्पा. पण रेघ विसरल्यामुळे एखादी स्लाइड राहिली तर नंतर टाकता येते, घरट्याची जागा एकदा गेली की परत घेता येत नाही. तिथे मी अडून बसलो आणि अजून अडून आहे.

अजून एक खूण आम्हाला आयती मिळाली. गूगल स्लाइड्समध्ये स्लाइड स्किप करता येते, म्हणजे डेकमध्ये असते पण दाखवताना येत नाही. लोक हे आधीपासून वापरत होतेच, वेळ कमी असला की चार स्लाइड स्किप करायच्या. स्क्रिप्टला विचारता येतं की ही स्लाइड स्किप आहे का, असेल तर सोड. कोणाला काही नवीन शिकवावं लागलं नाही. ऑटोमेशनमध्ये मला ही गोष्ट सगळ्यात आवडते, जी सवय लोकांना ऑलरेडी आहे तिलाच खूण समजायचं. फोटोच्या श्रेयाचंही तेच, चित्रावर राइट क्लिक करून ऑल्ट टेक्स्ट लिहायची जागा असते, तिथे फोटो कोणाचा ते लिहायचं, स्क्रिप्ट ते वाचून खाली लावते.

आता सोपे रस्ते का सोडले ते थोडक्यात, कारण हे सगळे विचारतात.

पब्लिश टू वेब करून आयफ्रेम, म्हणजे पोस्टमध्ये डेक दाखवणारी खिडकी, टाकता येते, डिस्कोर्सच्या सेटिंगमध्ये त्या पत्त्याला परवानगी दिली की डेक पोस्टमध्येच दिसतो. दोन मिनिटांचं काम आहे खरं. पण नोट्स दिसत नाहीत, म्हणजे मुद्दाच गेला. शिवाय ती खिडकी चालू डेकवर उघडते, सरांनी पुढच्या वर्षी तोच डेक बदलला की जुन्या टॉकची पोस्टही बदलली, खालची चर्चा मग कशावर चालली होती ते कोणाला कळणार. आणि डेक डिलीट झाला तर पोस्टमध्ये रिकामा चौकोन.

पीडीएफ पण पाहिली. ड्राइव्हच्या एपीआयमधून, म्हणजे स्क्रिप्टने दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून काम करून घ्यायच्या सोयीतून, एक्स्पोर्ट करताना १० एमबीची मर्यादा आहे, आणि पक्ष्यांच्या डेकमध्ये १० एमबी म्हणजे काहीच नाही, एकेक जण मोठ्या लेन्सचे पूर्ण साइजचे फोटो टाकतो. त्यात पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की काने, मात्रा, रफार कुठेही उडतात.

झॅपियर किंवा मेकसारख्यांचं असं आहे की ती टूल्स चांगलीच आहेत, शीटमध्ये नवीन ओळ आली की एक पोस्ट टाक एवढंच काम असेल तर खुशाल वापरा, स्क्रिप्टच्या भानगडीत पडूच नका. पण झॅपियर प्रत्येक ॲक्शनला एक टास्क मोजतं आणि फ्री प्लॅनमध्ये महिन्याला १०० टास्क असतात. आमचा एक डेक साधारण चाळीस स्लाइडचा, प्रत्येक स्लाइडचं चित्र चढवणं म्हणजे एक टास्क, दोन टॉकमध्ये महिना संपायला आला. एन-एट-एन स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं आणि त्याच्यात गूगल स्लाइड्स आणि डिस्कोर्स दोन्हींचे नोड, म्हणजे जोडायचे ठोकळे, तयार मिळतात, ते मला खरंच आवडलं, पण मग अजून एक सर्व्हर कोण सांभाळणार, मे महिन्यात नागपुरात माणूस स्वतःला सांभाळतो तेच खूप. म्हणून गूगलचीच ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे शीट आणि स्लाइड्सना कामाला लावणारा कोड गूगलकडेच लिहायची आणि चालवायची सोय. फुकट, सर्व्हर नाही, आणि डेक तिथेच असतो.

रचना अशी आहे. एक गूगल शीट, प्रत्येक टॉकची एक ओळ, त्यात डेकची लिंक, बोलणाऱ्याचं डिस्कोर्सवरचं नाव, विषयाचं शीर्षक, आणि एक ड्रॉपडाउन, कच्चं, तयार, गेलं. बोलणारा स्वतः ड्रॉपडाउनमध्ये ‘तयार’ निवडतो तेव्हाच स्क्रिप्ट हात लावते. पहिल्यांदा वाटलं होतं की डेक बदलला की आपोआप कळावं, पण स्लाइड्समध्ये शीटसारखा एडिट झाल्यावर चालणारा ट्रिगर, म्हणजे स्क्रिप्ट आपोआप सुरू करणारी सोय, मिळत नाही, ऑनएडिट फक्त शीट्ससाठी आहे. नंतर लक्षात आलं की ते हवंच कशाला, माणूस रात्री बारा वाजता डेकमध्ये काय काय करत असतो ते प्रत्येक वेळी ग्रुपला कशाला कळायला पाहिजे. ड्रॉपडाउनवरचा माणसाचा हात हाच आमचा खरा ट्रिगर.

स्क्रिप्ट डेकच्या आत न ठेवता वेगळी ठेवलीय हे मुद्दाम सांगतो. आत ठेवली तर छान मेनू बनवता येतो, वरती बटण दिसतं, लोक खूश. पण डेकची कॉपी केली की स्क्रिप्टचीही कॉपी होते, आणि आमच्याकडे नवीन टॉक नेहमी जुन्या टॉकची कॉपी करूनच बनतो, म्हणजे थोड्या दिवसांत पंधरा डेकमध्ये पंधरा स्क्रिप्ट, एक बग दुरुस्त करायला पंधरा दारं ठोका. शीटवरून चालणारी एकच स्क्रिप्ट असली की ती भानगड नाही.

‘तयार’ झालेल्या ओळी उचलायला रात्री एकदा वेळेचा ट्रिगर चालतो. इथे एक लक्षात ठेवा, ट्रिगरला ९ ते १०ची वेळ दिली तर तो त्या तासात कधीही चालतो, बरोबर नऊला नाही, त्यामुळे लोकांना नऊला येईल असं सांगू नका. आणि प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये टाइमझोन कोलकाता आहे का बघून घ्या.

आता एका स्लाइडचा प्रवास. नोट्स वाचणं सोपं, स्लाइडचं नोट्स पेज मागायचं, त्यातला स्पीकर नोट्सचा शेप, त्यातलं टेक्स्ट. चित्रासाठी थंबनेल, म्हणजे स्लाइडचं तयार चित्र, मागायचं, मोठं मागितलं तर १६०० पिक्सेल रुंद मिळतं, फोनसाठी भरपूर. ही सोय साध्या स्लाइड्सॲपमध्ये नाही, सर्व्हिसेसमध्ये जाऊन ॲडव्हान्स्ड स्लाइड्स सर्व्हिस चालू करावी लागते. आणि जी लिंक मिळते ती फक्त ३० मिनिटं चालते, त्यामुळे ती लिंक पोस्टमध्ये चिकटवली तर आज रात्री सगळं मस्त दिसेल आणि उद्या सकाळी सगळे चौकोन फुटलेले. चित्र उतरवून घ्यायचं, डिस्कोर्सला अपलोड करायचं, ते जो छोटा पत्ता देतं तो पोस्टमध्ये लिहायचा. याचा एक फायदा असा की हे चित्र नव्याने बनलेलं असतं, मूळ फोटोच्या पोटातलं जीपीएस लोकेशन त्यात येत नाही. व्हिडिओ असलेल्या स्लाइडचं मात्र थंबनेल म्हणजे स्थिर चित्र, तिथे यूट्यूबची लिंक नोट्समध्ये वेगळ्या ओळीवर लिहायची, डिस्कोर्स तिचा आपोआप प्लेअर करून देतं.

ॲप्स स्क्रिप्ट एका वेळी ६ मिनिटंच चालते. चाळीस थंबनेल, चाळीस अपलोड, मध्ये सर्व्हर सुस्त असला तर वेळ जवळ येतो, म्हणून कुठवर पोचलो ते शीटमध्ये लिहित जायचं आणि पुढच्या फेरीत तिथून सुरू करायचं. स्लाइडचा नंबर लिहू नका, स्लाइडचा आतला आयडी लिहा. नंबर स्लाइड वरखाली केली की बदलतो, आयडी तोच राहतो. डिस्कोर्सची बाजूही मोजून देते, ॲडमिन एपीआयला डीफॉल्ट मिनिटाला ६० विनंत्या. एक डेक आरामात जातो, दोन डेक एकदम सोडले की ४२९ नंबरचा एरर येतो, म्हणजे थांब जरा. तेव्हा थांबायचं, आणि स्क्रिप्टला आधीच सांगून ठेवायचं की एरर आली तरी तिथेच मरू नको, कोड वाच आणि ठरव.

पोस्ट एकच करायची की प्रत्येक स्लाइडची वेगळी? मी एकच करतो. डीफॉल्ट मर्यादा ३२,००० अक्षरांची आहे, आमच्या नोट्स त्याच्या आसपासही जात नाहीत, आणि चाळीस उत्तरं एकापाठोपाठ आली की लोकांच्या मेलबॉक्समध्ये चाळीस मेल. चूक सापडली तर त्याच पोस्टला एडिट करायचं, नवीन टाकायची नाही, डिस्कोर्स एडिटचा इतिहास ठेवतं त्यामुळे काय बदललं ते कोणीही बघू शकतो. पोस्टचा आयडी त्यासाठीच शीटमध्ये ठेवलाय.

मराठीवाल्यांसाठी दोन-तीन खास खड्डे आहेत. शीर्षक कमीत कमी १५ अक्षरांचं लागतं, नुसतं घुबडं असं शीर्षक दिलं की ४२२ येतो, म्हणजे हे चालणार नाही असा एरर. तेच शीर्षक दुसऱ्यांदा दिलं तरी येतो, आणि आपल्याकडे हिवाळी पक्षी हे शीर्षक दरवर्षी असतं, म्हणून स्क्रिप्ट शेवटी साल जोडते. दुसरं म्हणजे लिंक. विषयाच्या शीर्षकावरून लिंक बनवायची डीफॉल्ट पद्धत इंग्रजी अक्षरांची, देवनागरी शीर्षकाचं तिथे काही उरत नाही. एन्कोडेड निवडलं तर देवनागरी येतं खरं, पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह ३ बाइटचं आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइटची तीन अक्षरं, म्हणजे एका चिन्हाची ९, ती लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की अर्धा स्क्रीन टक्केवारीच्या खुणा. काका लोक फोन करून विचारतात की हा व्हायरस आहे का. आम्ही ते सरळ बंद ठेवलं, लिंकमध्ये फक्त नंबर.

बॉटच्या, म्हणजे स्क्रिप्ट ज्यावरून पोस्ट टाकते त्या, अकाउंटबद्दल. नवीन अकाउंटला डिस्कोर्स एका पोस्टमध्ये एकच चित्र टाकू देतं, स्पॅम थांबवायला ठेवलेली अट आहे ती, त्यामुळे बॉटची ट्रस्ट लेव्हल, म्हणजे डिस्कोर्सचा त्या अकाउंटवरचा विश्वासाचा दर्जा, आधी वाढवा. एपीआयची की, म्हणजे स्क्रिप्टने डिस्कोर्सला दाखवायची गुप्त चावी, काढताना सगळ्या युझर्ससाठी काढायचा पर्याय दिसतो आणि मोह होतो, कारण मग पोस्ट थेट सरांच्या नावाने टाकता येते, किती छान दिसेल. करू नका. ती की म्हणजे कोणाच्याही नावाने बोलायचा परवाना. एकट्या बॉटची की, तीही फक्त विषय लिहिणं, पोस्ट एडिट करणं आणि अपलोड करणं एवढ्याच परवानगीची, आणि पोस्टच्या पहिल्या ओळीत सरांना मेन्शन. की कोडमध्ये लिहायची नाही, स्क्रिप्ट प्रॉपर्टीज या सेटिंगच्या कप्प्यात ठेवायची, पण तिथली की स्क्रिप्टच्या कोणत्याही एडिटरला दिसते हेही माहीत असू द्या, म्हणून एडिटर कमी ठेवा.

हे झालं जाणं. येणं मला जास्त आवडतं. टॉकच्या आठवडाभर आधी डिस्कोर्सवर विषय उघडतो, काय विचारायचंय ते विचारा, दुसऱ्याचा प्रश्न आवडला तर लाइक करा. टॉकच्या आदल्या रात्री स्क्रिप्ट तो विषय जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल अशा रूपात, वाचते, लाइकप्रमाणे लावते आणि वरचे काही प्रश्न डेकच्या शेवटच्या स्लाइडवर घालते. स्लाइडवर आधीच महिरपी कंसात प्रश्न१, प्रश्न२ असं लिहिलेलं असतं, त्याच्या जागी खरा प्रश्न बसतो, देवनागरीतलं नाव काही अडचण करत नाही. एकदा बदललं की ती खूण गेली, म्हणून टेम्प्लेट वेगळं ठेवायचं आणि दर वेळी त्याची कॉपी भरायची. विषयात खूप उत्तरं असतील तर जेसनमध्ये पहिल्या २० पोस्टच पूर्ण येतात, बाकीच्या त्यांचे आयडी देऊन वेगळ्या मागाव्या लागतात, नाहीतर एकविसाव्या माणसाचा प्रश्न कितीही चांगला असला तरी दिसायचाच नाही. आणि प्रश्न लांबलचक असेल तर तो चौकटीबाहेर सांडतो, कारण एपीआयने टेक्स्ट बदललं की अक्षर आपोआप लहान होण्याची सोय बंद पडते. म्हणून लांबी आम्हीच कापतो, बाकी प्रश्न बोलणाऱ्याच्या नोट्समध्ये पूर्ण जातो, रेघेच्या खाली.

याने टॉकमध्ये काय फरक पडला ते सांगतो. आधी शेवटी काही प्रश्न विचारलं की शांतता, मग तेच दोन जण हात वर करणार. पोरं मोठ्यांसमोर विचारत नव्हती, बायका तर त्याहून कमी. आता लिहून विचारतात, आणि प्रश्न एकदम मुळाशी जाणारे असतात, आपल्या अंबाझरीत यावर्षी बदकं कमी दिसून राहिली ते पाण्यामुळे की आपण उशिरा जाऊन राहिलो म्हणून, असे. एका सरांनी मागच्या टॉकचा अर्धा वेळ एकाच प्रश्नाला दिला.

इथे वेबहूक वापरावा असं कोणीही सांगेल, म्हणजे डिस्कोर्सवर उत्तर आलं की त्याने स्वतःच स्क्रिप्टला हाक मारायची. अडचण अशी की डिस्कोर्स आपल्या हाकेची सही हेडरमध्ये, म्हणजे विनंतीसोबत येणाऱ्या माहितीच्या ओळींत, पाठवतं, आणि ॲप्स स्क्रिप्टला आलेल्या विनंतीचे हेडर वाचताच येत नाहीत. म्हणजे हाक खरी डिस्कोर्सची की कोणा टवाळाची हे कळायला मार्ग नाही. आपलं काम रात्री एकदा वाचून भागतं, तर वाचा रात्री एकदा.

एक गोष्ट मी मुद्दाम ऑटोमेट केलेली नाही, चुकांची दुरुस्ती. पोस्टखाली कोणी लिहितं की ही तलवारची मादी नाही, गडवालची आहे. हे शीटमध्ये ओळ म्हणून येतं, बस्स. डेक बदलायचा की नाही ते बोलणारा ठरवतो, कारण पक्ष्याच्या ओळखीवरून आमच्याकडे भांडणं होतात आणि भांडणात स्क्रिप्टने पडू नये.

राहिली जुनी डेकं. आमच्या सिनियर मंडळींकडे वर्षानुवर्षांच्या पॉवरपॉइंट फाइल्स आहेत, सोनं आहे त्यात, पण टाइप केलेलं सगळं श्रीलिपी नाहीतर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. स्क्रीनवर फॉन्ट असेल तर मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरंच असतात, त्यामुळे नोट्स उचलल्या की डिस्कोर्सवर नुसता कचरा. स्क्रिप्टमध्ये एक साधी तपासणी टाकलीय, नोट्समध्ये युनिकोडच्या देवनागरी पट्ट्यातलं, म्हणजे ०९०० ते ०९७एफ यातलं, एकही अक्षर नसेल तर पाठवू नको आणि शीटवर फॉन्ट बघा असं लिही. इंग्रजी नोट्सवालेही त्यात अडकतात, त्यांना हाताने सोडतो. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार डोळ्याने तपासावेच लागतात, तिथे शॉर्टकट नाही. ज्या सरांना टायपिंगचा कंटाळा आहे त्यांना स्लाइड्सच्या टूल्स मेनूमधली नोट्स बोलून लिहायची सोय दाखवली, क्रोममध्ये चालते, मराठी निवडता येतं. आता त्यांच्या नोट्स त्यांच्याच बोलण्यासारख्या येतात, मधूनच बरं का, तर मी काय म्हणत होतो, असं सगळं. मी ते काढत नाही.

शेवटचं, जे कोणी सांगत नाही. ट्रिगर ज्याच्या लॉगिनने लावला त्याच्याच नावाने चालतो, दुसऱ्या एडिटरला तो दिसतही नाही, आणि फेल झाल्याची मेल पण त्यालाच जाते. म्हणजे मी उद्या पुण्याला गेलो, कंटाळलो, अकाउंट बंद केलं, तर ग्रुपला कळणारही नाही की टॉक का येत नाहीत. म्हणून ट्रिगर ग्रुपच्या कॉमन अकाउंटवर लावलाय, पासवर्ड दोघांकडे, आणि स्क्रिप्ट बंद पडली तर टॉक हाताने कसा टाकायचा ते शीटच्या पहिल्या टॅबवर मराठीत लिहून ठेवलंय. कोणाला स्क्रिप्टची कॉपी पाहिजे असेल तर मागा, देतो, फक्त डिस्कोर्सची की तुमची तुम्ही काढा.